दुसऱ्या दुकानचा चष्मा

मी वाद घालतो, असं सगळे म्हणतात. हे साफ चूक आहे. मी फक्त समोरच्याची चूक त्याच्या लक्षात आणून देतो आणि ती लक्षात येईपर्यंत थांबत नाही. यात जो वेळ जातो तो समोरच्याच्या हट्टापायी जातो, माझ्यापायी नाही. हे मी ताईला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. सकाळी दहाला सुरुवात केली. साडेअकराला ती म्हणाली, "बरं बाबा, तू वाद घालत नाहीस," आणि काउंटर पुसायला निघून गेली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं दोघांचं चष्म्याचं दुकान आहे. पुढच्या खोलीत ती गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवते आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत मी डोळे तपासतो. तिथे एक उंच खुर्ची आहे, नंबर मोजणारं यंत्र आहे, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे आणि एका लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये भिंगं ओळीने उभी आहेत. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवायची, तिच्यात एक भिंग घालायचं, ते काढून दुसरं घालायचं आणि विचारायचं, "आधीचं बरं की हे बरं?" ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणायचे, "खुर्चीतला माणूस सांगेल ते लिहायचं. त्याच्या डोळ्यांनी आपल्याला दिसत नाही." मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. त्याखाली माझ्या दोन शंकाही लिहिल्या होत्या.

आता तुम्हीच सांगा. यंत्र म्हणतंय नंबर सव्वा, आणि माणूस म्हणतोय मला पाऊण बरा वाटतो. यंत्राला घर नाही, दार नाही, ते कशाला खोटं बोलेल? म्हणून मी विचारतो, "नक्की?" तो म्हणतो, "नक्की." मी म्हणतो, "पुन्हा बघा." मागे एका बसड्रायव्हरला मी असं चौदा वेळा पुन्हा बघायला लावलं. पंधराव्या वेळी तो उठला आणि चौकट नाकावर तशीच ठेवून दुकानाबाहेर पडला. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर परत आला आणि दारातून म्हणाला, "साहेब, बाहेरचं सगळं स्वच्छ दिसतंय. मीच बरोबर होतो." तरी मी त्याला सांगितलं, की उन्हात डोळ्याची बाहुली आकसते, त्यामुळे बाहेरचं धरायचं नसतं. तेव्हापासून बाजारात मला वकीलसाहेब म्हणतात.

त्याच दिवशी ताईने माझ्यावर उपचार सुरू केले. कोणी काही म्हणालं, की आधी 'बरं' म्हणायचं आणि मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. मी प्रामाणिकपणे मोजले. झालं असं, की दहा आकड्यांत माझे तीन मुद्दे तयार होऊ लागले. पूर्वी मी सुचेल तसं बोलायचो, आता मुद्देसूद बोलू लागलो. आठवड्याभरात ताईने आकडे बंद केले. जित्याची खोड, एवढंच ती म्हणाली आणि म्हणीचा उरलेला भाग माझ्यासाठी सोडून दिला.

घरी मात्र मला उपचारांची गरज नव्हती, कारण घरी वाद नव्हताच. बायको रफूचं काम करते. कोटाला पडलेलं भोक, शालीला लागलेली कसर, बाहीवर उडालेली ठिणगी, असलं काहीही तिच्याकडे येतं. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढते आणि एकेक तार अशी विणते, की भोक कुठे होतं ते कपड्याच्या मालकालाही सापडत नाही. घरात खिडकीशी तिचं टेबल. मी दुकानातून आलो, की त्या टेबलाशी दुसरी खुर्ची ओढून बसायचो आणि दिवसभरात कोण कोण कसं चुकलं ते तिला सांगायचो.

लग्न झालं तेव्हा ती शब्दाला शब्द देणारी होती. दुधाचं भांडं कुठे ठेवायचं यावरून आम्ही तीन दिवस भांडलो होतो. पुढे ते कमी होत गेलं. मी काही म्हणालो, की ती 'हो' म्हणायची, फारच झालं तर 'असेल'. माझी समजूत अशी, की सव्वीस वर्षांत तिला माझं म्हणणं पटत गेलं. कुठल्याही नवऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?

मागच्या वर्षी तिच्या जवळचं पाहायच्या चष्म्याचा नंबर वाढला. मी स्वतः तपासला, स्वतः भिंगं घासली, ताईने चॉकलेटी प्लॅस्टिकची छान फ्रेम निवडून दिली. दोन दिवसांनी ती म्हणाली, "अहो, सुई धूसर दिसते." मी तिला दुकानात नेलं, खुर्चीत बसवलं आणि वाचायचं कार्ड हातात दिलं. तिने सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचली.

"मग?" मी म्हणालो.

"हे दिसतंय. पण सुई..."

"ही अक्षरं दिसतात, तर सुई न दिसायला काय झालं? सवय होईल."

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा तेच सांगितलं. मी पुन्हा तिला खुर्चीत बसवलं, पुन्हा कार्ड दिलं, पुन्हा सिद्ध करून दाखवलं. "बरं," ती म्हणाली. त्यानंतर महिन्याभराने तिने रफूचं काम बंद केलं. कंटाळा आला, म्हणाली. मी तिला काम बंद करण्याचे पाच फायदे सांगितले आणि ते तिला पटले. दुपारी ती ताईच्या घरी जाऊन बसू लागली, कारण ताई दुकानात असते आणि तिच्या सासूबाई घरात एकट्या असतात. त्या ठार बहिऱ्या आहेत. त्यांच्याशी कोणाचं काय बोलणं होणार, असं मला वाटायचं, पण सेवाभाव म्हणून मी बोललो नाही. खिडकीशी टेबल रिकामं राहिलं. संध्याकाळी मी सवयीने तिथे बसायचो आणि बायको स्वयंपाकघरातून 'हो' म्हणायची.

तर असे आठ महिने गेले. परवा संध्याकाळी जेवताना मी तिच्याकडे सहज पाहिलं आणि माझा हात ताटातच थांबला. तिच्या नाकावर, दोन्ही बाजूंना, डाळीएवढ्या दोन लालसर खुणा होत्या.

मी पंचवीस वर्षं लोकांची नाकं पाहतो आहे. प्लॅस्टिकची फ्रेम सगळी नाकावर टेकते, तिच्या अशा खुणा पडत नाहीत. अशा खुणा पडतात त्या तारेच्या फ्रेमच्या, जिला नाकाशी दोन छोट्या गाद्या असतात. आमच्या घरात तारेची फ्रेम नव्हती. त्यातून डावी खूण उजवीपेक्षा खोल होती, म्हणजे फ्रेम डावीकडे कलती बसवलेली. आमच्या रस्त्यावर डावी बाजू कलती ठेवणारा एकच माणूस आहे. कोपऱ्यावरच्या दुकानाचा मालक. त्याने बसवलेले चष्मे सरळ करून घ्यायला लोक आमच्याकडे येतात.

लोकांच्या बायकांचं काय काय उघडकीला येतं ते मी ऐकून आहे. चष्म्याच्या दुकानदाराची बायको दुसऱ्या दुकानचा चष्मा वापरते, हे मी कुठे ऐकलं नव्हतं.

"नाकाला काय झालं तुझ्या?" मी विचारलं.

"काय झालं?"

"खुणा दिसतायत. तारेच्या फ्रेमच्या."

"तुम्ही म्हणता तर असतील," ती म्हणाली आणि मला आणखी भाजी वाढली.

हे असलं उत्तर मी वर्षानुवर्षं आनंदाने ऐकत आलो होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते मला टोचलं. भिंतीशी बोलावं आणि भिंतीने मान डोलवावी, तसं वाटलं. मी जेवण अर्धं टाकून उठलो. तिने माझं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी ताईला धरलं. ती एका फ्रेमचा स्क्रू आवळत होती. तिने मान वर केली नाही.

"दिसलं एकदाचं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचा धंदा करतोस, म्हणून म्हटलं, घरचं मुसळ दिसायला वर्ष तरी लागेल. त्यामानाने लवकर दिसलं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत काय, मीच तिला कोपऱ्यावर घेऊन गेले."

"तू? स्वतःचं दुकान सोडून?"

"अरे, तुझ्या खुर्चीत ती तीनदा बसली..."

"दोनदा."

ताईने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग एकेक गोष्ट सांगितली. रफूचं काम बंद झालंच नव्हतं. ते ताईच्या घरी, सासूबाईंच्या खोलीत चालू होतं, रोज दुपारी दोन ते पाच. कंटाळा वगैरे काही आला नव्हता. चष्मा नीट नाही हे मला पुन्हा एकदा सांगण्यापेक्षा काम सोडलं असं सांगणं तिला सोपं गेलं होतं. "आणि रविवारी ती खिडकीतलं टेबलही माझ्याकडे आणणार आहे," ताई म्हणाली. "मीच म्हटलं, आण. तिथे ते नुसतं तुझ्या कोपरांसाठी ठेवायचं काय?"

मला काय काय बोलायचं होतं. पण टेबल म्हटल्यावर माझे मुद्दे बाजूला राहिले. ते टेबल गेलं, की बायको घरात नुसती जेवायला आणि झोपायला येणार, हे मला स्पष्ट दिसलं. मी तडक कोपऱ्यावर गेलो, कारण कुठेतरी भांडणं आवश्यक होतं.

कोपऱ्यावरचा दुकानदार लठ्ठ, शांत माणूस आहे. मी जाईपर्यंत सात मुद्दे तयार केले होते. पहिला मांडला, की माझा नंबर बिनचूक असताना त्याने तो बदललाच कसा?

"तुमचा नंबर बरोबरच होता," तो म्हणाला. "वाचायला मीही तोच दिला असता. मी त्यांना फक्त विचारलं, वहिनी, कापड कसं धरता? त्यांनी धरून दाखवलं. वीतभर अंतरावर धरतात. आपण कार्ड धरतो दोन विती लांब. मग मी तेवढ्या अंतराचा वेगळा करून दिला."

सात मुद्द्यांपैकी सहा माझ्या हातात तसेच राहिले. ज्याने आधीच बरोबर म्हटलंय त्याच्याशी काय भांडणार? सव्वीस वर्षं मी त्या टेबलाशी बसलो, तिच्या हातापासून हातभर लांब. ती कापड किती जवळ धरते, हे मला माहीत नव्हतं, कारण मी बोलत होतो. त्या माणसाने मला पाणी दिलं. मी ते प्यालो आणि आभार मानले, तेव्हा तो थोडा घाबरला असावा.

तिथून दुकानात परतलो, आणि ताईच्या घरी गेलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. दार लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता. कोणीतरी बाई भांडत होती. मी दाराबाहेर थांबलो.

"नाही, नाही, या कोटाला हा धागा चालायचा नाही. सांगून ठेवते."

"अहो, काळाच आहे की," दुसरी बाई म्हणाली.

"तुम्हाला इथे काळा दिसतोय. खिडकीशी या. आता बघा, जांभळा मारतोय की नाही? तुम्ही स्टेजवर उभ्या राहाल, दिवे पडतील आणि पहिल्या रांगेला तेवढा ठिपका दिसेल. मग तुमचं गाणं कोण ऐकणार?"

"पण शिवणीतला धागा काढला तर शिवण उसवेल."

"उसवू दे. मी आहे ना. उगाच हट्ट करू नका, माझं ऐका."

त्यावर दोघी हसल्या. तो पहिला आवाज माझ्या बायकोचा होता, हे मला जरा उशिरा कळलं. दुधाच्या भांड्यावरून तीन दिवस भांडणारा तोच आवाज. तो कुठेही गेला नव्हता. माझं तिला पटत आलं वगैरे काही नव्हतं. तिने आपलं सगळं बोलणं गुंडाळून इथे आणून ठेवलं होतं आणि माझ्यासाठी घरी एक 'हो' ठेवला होता. मला त्या गाणाऱ्या बाईचा हेवा वाटला. त्या बहिऱ्या सासूबाईंचाही वाटला. आणि लाज वाटली, ती अशी की जिन्यावर कोणी नव्हतं तरी मी मान खाली घातली.

गाणारी बाई गेली आणि मी आत शिरलो. सासूबाई पलंगावर बसून डुलक्या घेत होत्या. बायको खिडकीशी स्टुलावर, मांडीवर काळा कोट, नाकावर बारीक तारेचा चष्मा. मला पाहून तिचा हात चष्म्याकडे गेला. मग तिने तो तसाच राहू दिला.

"ताईंनी सांगितलं?"

"हो. कोपऱ्यावरही जाऊन आलो."

तिने डोळे मिटून घेतले. "भांडलात?"

"नाही. पाणी प्यालो."

तिने डोळे उघडून मला नीट पाहिलं. मी खोकल्याचा बहाणा करून जवळ सरकलो आणि म्हणालो, "कापड कसं धरतेस ते दाखव." तिने कोट उचलून सुई लावली. माझ्या खिशात मोजपट्टी असतेच. तिच्या डोळ्यापासून सुईपर्यंत एकवीस सेंटिमीटर भरले. मी चाळीसवर तपासलं होतं.

"माझा नंबर बरोबर होता..." मी म्हणालो. तिचा चेहरा मिटायला लागला, दुकानाचं शटर ओढावं तसा. "...पुस्तकासाठी," मी घाईने पुढे म्हणालो. "तू पुस्तक शिवत नाहीस. चुकलो."

हा शब्द माझ्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता. तिने एक टाका घातला.

"तीनदा सांगितलं होतं मी तुम्हाला," ती म्हणाली.

दोनदा. मला वार आठवत होते. पहिल्यांदा मंगळवार, दुसऱ्यांदा पुढच्या आठवड्यातला गुरुवार. जीभ दातांमागे येऊन उभी राहिली होती. मी ती तिथेच ठेवली. मग वाटलं, तिसऱ्यांदाही सांगितलं असेल आणि मी तेव्हा बोलत असेन.

"रविवारी टेबल हलवायचंय," ती म्हणाली. "दोन माणसं लागतील."

आमच्या खिडकीतला उजेड या खिडकीपेक्षा चांगला आहे. ताईचा जिना अरुंद आहे, त्यात टेबलाचे पाय अडकतील. सासूबाई दुपारी घोरतात. एवढं सगळं खरं असून मी म्हणालो, "एक बाजू मी धरतो."

"पण?" तिने विचारलं.

"पण काही नाही."

ती पुन्हा शिवायला लागली. मी उभाच होतो. खिडकीच्या उजेडात तिच्या डोळ्यांवरची भिंगं मला स्वच्छ दिसत होती आणि डाव्या भिंगाचा मध्य चुकलेला होता. दोन मिलिमीटर तरी बाहेर. वीतभर अंतरावर डोळे आत वळतात, तेव्हा मध्यही आत घ्यावा लागतो. कोपऱ्यावरच्याला हे कधीच कळलेलं नाही. असा चष्मा लावून तीन तास शिवणाऱ्याचं डोकं दुखतंच, हे मी पैजेवर सांगितलं असतं.

"डोकं दुखतं का गं तुझं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

माझ्याकडे पुरावा होता. मोजपट्टीही होती. तिच्यासमोर ठेवून मी पाच मिनिटांत तिला पटवून दिलं असतं, की तिचं डोकं दुखतं.

"बरं," मी म्हणालो. मोजपट्टी खिशात टाकली, सासूबाईंना वाकून नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही, आणि दाराकडे निघालो. चप्पल घालत होतो.

"संध्याकाळी दुखतं थोडं," मागून ती म्हणाली.

मी वळलो. माझ्या तोंडात तयार वाक्यांची रांग लागली होती. मला माहीतच होतं. भिंगाचा मध्य. दोन मिलिमीटर. मग आत्ता नाही का म्हणालीस? तिने सुई कापडात खोचून ठेवली होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कुठे दुखतं?" मी विचारलं.

तिने चष्मा काढला, डाव्या भुवईच्या वर बोट ठेवलं. "इथे सुरू होतं," ती म्हणाली. "मग असं मागे जातं, कानापर्यंत. आणि जेवायला बसते तेव्हा ना, तुम्ही बोलत असता..." ती थांबली. मी चपला काढल्या आणि तिच्याजवळ जमिनीवर बसलो. ती पुढे सांगू लागली.